घरातली करवत

गावगाड्याच्या बारा बलुतेदारांत सुताराचे स्थान मोठे होते. नांगर, तिफण, दाराची चौकट, बाळाचा पाळणा ही सारी त्याच्याच हातची निर्मिती. कोणती करवत घ्यावी, हा प्रश्न त्याला सहसा पडत नसे. वडिलांची करवत तो कानशीने धार लावून पुढे चालवी. आज मात्र अनेकांसाठी लाकूडकाम हा चरितार्थ नसून विरंगुळा आहे. निवृत्त शिक्षक किंवा दिवसभर संगणकापुढे बसणारी तरुणी गॅलरीच्या कोपऱ्यात छोटीशी कार्यशाळा थाटते. हातकरवतीने मनगट दुखू लागले, की मेजावर मावेल अशी विजेची करवत घ्यावीशी वाटते आणि निवडीचा प्रश्न उभा राहतो.

दुकानात हौशी माणसाची नजर प्रथम खिळते ती टेबल सॉवर. मेजाच्या फटीतून वर आलेले गोल पाते, बाजूला सरळ आधारपट्टी. फळी सरळ चिरण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. परंतु दहा इंची पाते मिनिटाला ४,८०० फेरे घेते, तेव्हा त्याचे दात ताशी सुमारे २३० किलोमीटर वेगाने धावत असतात. चिरलेली फळी पात्याच्या मागच्या बाजूला आवळली गेली, तर ती उसळून कारागिराच्या अंगावर येते. म्हणून पात्यामागे एक पोलादी पाचर बसवलेली असते. जाणता कारागीर ती काढून ठेवत नाही आणि फळीचे शेवटचे टोक हाताने न ढकलता काठीने ढकलतो. १९९९ मध्ये अमेरिकेतील स्टीफन गॅस यांनी बोटाचा स्पर्श होताच पाते क्षणार्धात थांबवणारी युक्ती शोधली. अशा शोधाची गरज भासावी, यातच या यंत्राचा स्वभाव कळतो. करवतीची किंमत मोजताना तिच्यासमोर राहणाऱ्या दहा बोटांचाही हिशेब धरावा लागतो.

बँड सॉ स्वभावाने त्या मानाने शांत. दोन चाकांवरून फिरणारे तिचे पट्टीसारखे पाते लाकडाला खाली मेजावर दाबते, त्यामुळे फळी उलटी फेकली जाण्याचे भय फारसे नसते. बोटे मात्र येथेही जपावीच लागतात. ती लाकूडही कमी खाते. जुन्या दाराच्या सागवानी फळीतून २० पट्ट्या काढायच्या, तर १९ काप द्यावे लागतात. टेबल सॉ दर कापाला सुमारे ३ मिलिमीटर घेते. म्हणजे ५७ मिलिमीटर सागवानाचा भुसा होतो. बँड सॉच्या बारीक पात्याला साधारण १ मिलिमीटर पुरते. मात्र तिने कापलेली बाजू खडबडीत राहते आणि तीवर रंधा फिरवावा लागतो.

तिसरी स्क्रोल सॉ. तिचे केसासारखे पाते शिवणयंत्राच्या सुईप्रमाणे वरखाली होते. लाकडाला छिद्र पाडून त्यातून पाते ओवले, की आतली नक्षीही कापता येते. खेळणी, नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याची जाळी यांसाठी तिच्यासारखी करवत नाही. पण लांब, सरळ काप आणि जाड लाकूड हे तिचे काम नव्हे.

यंत्र लहान असले, म्हणजे त्याला लागणारी जागाही लहान असते, असे मात्र नाही. चार फुटांची फळी टेबल सॉमधून पार जायची, तर पात्याच्या अलीकडे चार फूट आणि पलीकडे चार फूट मोकळे हवेत. जी गॅलरीच सहा फुटांची आहे, तिथे यंत्र मावेल. फळी मावणार नाही. विजेचेही तसेच. १,५०० वॅटपेक्षा मोठ्या करवतीला ६ अँपिअरचा साधा सॉकेट पुरत नाही. १६ अँपिअरचा लागतो. शिवाय आवाज भिंतीपलीकडे जातो आणि भुसा घरभर पसरतो. लाकडाची धूळ कर्करोगाला कारणीभूत ठरते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे. लाकूड कापणारा तोंडाला मास्क बांधेल. पण शेजारच्या खोलीत झोपलेल्या नातवंडाचे काय? म्हणून भुसा ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूमचा खर्च करवतीच्या किमतीतच मिळवावा.

मग निवड कशी करावी? अंथरूण पाहून पाय पसरावे, हे वचन येथे शब्दशः लागू पडते. गेल्या वर्षभरात हातून काय घडले आणि येत्या वर्षात काय घडवायचे आहे, याची कागदावर यादी करावी. यादीत खेळणी आणि पाट्या असतील, तर स्क्रोल सॉ पुरे. वळणदार काम आणि जाड लाकूड असेल, तर बँड सॉ घ्यावी. सरळ पट्ट्यांचे काम रोजचे असेल आणि जागाही पुरेशी असेल, तरच टेबल सॉचा विचार करावा. वर्षातून दोनदा मोठी फळी चिरायची, तर जवळची वखार किंवा आरागिरणी ते काम थोड्या पैशांत करून देते. त्यासाठी घरात मोठे यंत्र आणून ठेवण्याचे कारण नाही.

हौशी माणसाला दुकानात मोह होतो तो यंत्राच्या ताकदीचा. घरी आल्यावर कामाला येते ती मात्र त्याची सोय. जे यंत्र सुरू करताना मनात धास्ती वाटते, त्यावर लवकरच आच्छादन पडते आणि पुढे त्या आच्छादनावर धूळ साचते. जे यंत्र हाताच्या बेताचे असते, त्याच्याजवळ माणूस संध्याकाळी पुन्हापुन्हा जाऊन उभा राहतो. हात सरावतो तो अशाच यंत्रावर.