वायकातोकांठचा आषाढ

मुलगी परदेशीं नांदत असली म्हणजे ‘अण्णा, यंदां तरी या’ हा आग्रह दर वर्षीं व्हायचाच. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां हा प्रसंग परिचयाचा झाला असेल. आम्हीं तो सहा वर्षें चुकविला. शाळेंतून निवृत्त झालेल्या माणसास वेळ नाहीं असें म्हणतां येत नाहीं, म्हणून कधीं गुडघ्यांचें, तर कधीं घरांतील मुंजीचें निमित्त पुढें केलें. वाईस आमच्या घरीं बंधु, भावजया, पुतणे असा मोठा परिवार आहे. आम्हांवांचून तेथें कोणाचें अडतें असें नाहीं. खरी अडचण निराळी होती. आमचें कुटुंब २०२२ सालीं आषाढ वद्य दशमीस निवर्तलें. आम्हांस पुत्र नाहीं. तिच्या श्राद्धाचा अधिकार आणि भार आमच्याकडेच. २०२४ च्या मे महिन्यांत जाऊन ऑक्टोबरअखेर परतावयाचें ठरलें, तेव्हां ती तिथि न्यूझीलंडांत येणार हें उघड झालें. उपाध्यायांस विचारिलें. ते म्हणाले, “जेथें असाल तेथें करा, तिथि मात्र चुकवूं नका.” ऐकावयास तें सोपें वाटलें.

प्रवासाचें वर्णन करीत नाहीं. विमानांत बसून राहण्यापलीकडे त्यांत कांहीं घडत नाहीं. ऑकलंडच्या विमानतळावर मात्र एक गोष्ट घडली. आमच्या पेटींत श्राद्धासाठीं नेलेली दर्भाची जुडी होती. ती आम्हीं पत्रकांत रीतसर नमूद केली होती, कारण न सांगितलेल्या एखाद्या फळालाही तेथें चारशें डॉलर दंड पडतो. गणवेशांतील एका तरुण बाईनें ती जुडी उजेडांत धरून पाहिली, हें गवत कशासाठीं असें विचारिलें, आणि आम्हीं मोडक्यातोडक्या इंग्रजींत सांगितलेलें सर्व ऐकून घेऊन अत्यंत अदबीनें ती ठेवून घेतली. या देशाचें पोट गवतावर आणि गवत खाणाऱ्या जनावरांवर चालतें; परक्या बीजाची त्यांस मोठी धास्ती. रागावण्याजोगें त्यांत कांहीं नव्हतें. पण पहिल्या पावलासच दर्भ गेला, हें मनाला लागलें.

हॅमिल्टन शहराच्या ईशान्येस गॉर्डन्टन म्हणून एक खेडें आहे. खेडें म्हणजे आपल्या कल्पनेंतील नव्हे. पार नाहीं, चावडी नाहीं, भिंतीला भिंत लावून शेजार नाहीं. रस्त्याच्या कडेला शाळा आणि दुकान, आणि मग मैलचे मैल हिरवीं कुरणें. गाई दोन्ही बाजूंस तिरप्या उभ्या करून मधल्या खड्ड्यांतून एकाच माणसानें अनेकींचें दूध काढावें, ही माशाच्या कांट्यासारखी गोठ्याची रचना १९५२ सालीं याच गांवच्या एका शेतकऱ्यानें प्रथम उभारली, व पुढें ती जगभर पसरली. आमचे जांवई त्या बाजूच्या अशाच एका गोठ्याचे कारभारी आहेत, मालक दुसरा. गाई चारशें वीस आणि माणसें तीन.

गंमत अशी कीं, आम्ही गेल्यावर थोड्याच दिवसांत त्या चारशें वीस गाईंच्या घरीं दूध दुकानांतून बाटलीनें येऊं लागलें. आपल्याकडे गाय आपल्या वेळेस विते. तेथें बहुतेक सर्व गाई जुलै-ऑगस्टांत विताव्या अशी योजना करितात, म्हणजे दुधाचा भर आणि वसंतांतील गवताचा भर एकत्र येतो. त्यासाठीं मेअखेर सर्वांना एकदम आटवितात, आणि जून महिना गोठा ओस पडतो. चहा पितांना आम्हांस शास्त्र्याच्या घरीं पोथी उसनी आणल्यासारखें वाटे.

हातांतील पंचांग ज्येष्ठ मास आणि ग्रीष्म ऋतु म्हणत होतें, आणि खिडकीबाहेर सकाळीं दंव गोठून गवत पांढरें झालेलें असे. संध्येस बसावें तर सूर्य पूर्वेस उगवे एवढाच त्याचा उपकार. मग तो उत्तरेकडे झुकून उजवीकडून डावीकडे चाले. आपली प्रदक्षिणा सूर्याच्या गतीवरून घेतलेली. येथें सूर्यच अपसव्य करून फिरतो, हें पाहून आम्ही कांहीं दिवस अगदीं गोंधळून गेलों. रात्रीं चंद्रावरील ससा उलटा. ध्रुव तर नाहींच. दक्षिणेस गेलेला अगस्त्य परत आला नाहीं ही कथा आम्हीं वर्गांत तीस वर्षें सांगितली. तो तेथें जवळजवळ मावळतच नाहीं, आणि विश्वामित्रानें अधांतरीं ठेवलेला त्रिशंकु संध्याकाळीं पार डोक्याशीं येऊन उभा राहतो.

२८ जूनला सार्वजनिक सुटी होती. कृत्तिकांस मावरी लोक मातारिकी म्हणतात; भर हिवाळ्यांत त्या पहाटे पुन्हां दिसूं लागल्या म्हणजे त्यांचें नवें वर्ष. २०२२ पासून सरकारनें त्यासाठीं सुटी दिली आहे. आदल्या दिवशीं पहाटे शाळेनें मुलांस व पालकांस मैदानावर बोलाविलें होतें. नातीच्या बाईंनीं नऊ ताऱ्यांचीं नांवें सांगितलीं. त्यांत एक वैपुना-आ-रांगी. तिचा संबंध पावसाशीं. आम्ही चमकलों. कृत्तिकांचीं सात वैदिक नांवें आम्हांस पाठ आहेत. त्यांत अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती अशा तिघी आहेत. दुसरा एक तारा पोहुतुकावा, तो मृतांचा. सरत्या वर्षांत जीं माणसें गेलीं त्यांचीं नांवें त्या वेळीं मोठ्यानें घ्यावयाचीं असतात. अंधारांत चारपांच जणांनीं नांवें घेतलीं. मग आमच्या नातीनें आपल्या आजीचें नांव घेतलें. वर्ष केव्हांच उलटून गेलें होतें. पण तिला कोणीं अडविलें नाहीं.

नात नऊ वर्षांची. त्याच सुमारास तिला शाळेंत ‘पेपेहा’ म्हणून दाखवावयाचा होता. मावरी मनुष्य आपली ओळख करून देतांना आधीं डोंगर, मग नदी, मग पूर्वज ज्या होडींतून आले ती होडी, मग कुळ, आणि शेवटीं स्वतःचें नांव सांगतो. आम्हीं म्हटलें, अगे, हें तर आपलें गोत्र-प्रवर! तिनें तौपिरी डोंगर आणि वायकातो नदी लिहिली होती. पण ‘वायकातो माझी नदी’ असें लिहिलें नव्हतें. कारण विचारतां म्हणाली, “आपण बाहेरून आलो ना आजोबा, म्हणून बाईंनी सांगितलंय, ‘माझी नदी’ म्हणायचं नाही. ‘मी या नदीजवळ राहते’ असं म्हणायचं.”

हें वाक्य आमच्या मनांत घर करून राहिलें, त्याचें कारण आहे. कोणतेंही कर्म करण्यापूर्वीं आपण कोठें आणि केव्हां उभे आहों हें संकल्पांत सांगावें लागतें: द्वीप, खंड, देश, नदीचें तीर; मग संवत्सर, अयन, ऋतु, मास, तिथि. आजवर आम्ही भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचें दक्षिण तीर असें म्हणत आलों. येथें तें कसें म्हणावें, याचा घोर आम्हांस लागला होता. नदीचें उत्तर त्या पोरीनें दिलें. ऋतूचें तेवढें उरलें. उपाध्यायांस दूरध्वनीवरून विचारिलें. ते म्हणाले, “ऋतु मासावरून धरावा, आषाढ म्हणजे ग्रीष्म. हवेशीं त्याचा संबंध नाहीं.” शास्त्र त्यांच्या बाजूचें. आमचें समाधान झालें नाहीं.

जुलैच्या मध्यास गाई विऊं लागल्या. कोणत्या दिवशीं दहा, कोणत्या दिवशीं वीस. जांवई पहाटे चारला बाहेर पडत ते रात्रींच घरांत येत. चीक बादल्यांनीं. व्यालेल्या गाईचें पहिल्या चार दिवसांचें दूध विक्रीच्या टाकींत घालावयाचें नाहीं असा तेथील नियम आहे. आपल्या स्मृतींनीं दहा दिवस सांगितले आहेत, आणि पीयूष तर वर्ज्यच मानिलें आहे. तरी खरवस न खाणारा वैदिक आमच्या पाहण्यांत नाहीं. आमच्या कुटुंबास त्याची फार आवड. गवळ्याची म्हैस विण्याच्या सुमारास ती दोन दिवस आधींच गूळ चिरून ठेवी. मुलीनें आईच्याच पद्धतीनें वेलदोडा घालून पातेलेंभर खरवस केला. आम्हीं तो तीन दिवस खाल्ला. पुढें खाववला नाहीं.

झालें असें. तिकडील खेड्यांच्या शाळांत वसंतांत वासरांचा एक दिवस असतो. मुलानें एक वासरूं स्वतः वाढवून, दोरीनें चालवून दाखवावयाचें. नातीस वासरूं निवडावयाचें होतें, आणि निवड आजोबांनींच करावी असा तिचा हट्ट. छपराखालीं तीसचाळीस वासरें होतीं. जन्मल्यावर एका दिवसाच्या आंत त्यांस आईपासून दूर करितात. आम्हीं एक काळें, कपाळावर पांढरा टिळा असलेलें, आमचें बोट चोखूं लागलेलें वासरूं दाखविलें. जांवई कांहींच बोलले नाहींत. मुलगी म्हणाली, “अण्णा, ते नको. तो गोऱ्हा आहे.” तिसऱ्या दिवशीं सकाळीं रस्त्याकडेच्या कठड्यापाशीं मोठी मोटार उभी राहिली, आणि तो आणखी अकरांबरोबर तींत चढला. वासरास चार दिवस पुरे झाल्याखेरीज कत्तलखान्याकडे न्यावयाचें नाहीं असा कायदा आहे. त्याचे चार दिवस पुरे झाले होते.

त्या रात्रीं आम्ही जांवयांशीं तापून बोललों. जें बोललों तें येथें लिहिण्याजोगें नाहीं. इतकेंच सांगतों कीं, त्यांत ‘पाप’ हा शब्द होता, आणि ज्यांच्या घरीं आम्ही जेवत होतों त्यांस तो लावला होता. ते सोळा तास उभे राहून नुकतेच घरांत आले होते. त्यांनीं हात धुतले आणि शांतपणें विचारिलें, “अण्णा, आपल्याकडे संकरित गाईला गोऱ्हा झाला तर त्याचं काय होतं?”

उत्तर ठाऊक होतें, पण देववलें नाहीं. नांगराला बैल लागत होता तोंवर गोऱ्ह्याला मोल होतें. ट्रॅक्टर आले, शिवाय जर्सीच्या गोऱ्ह्यास वशिंड नाहीं, जूं नीट बसत नाहीं. २०१५ पासून महाराष्ट्रांत बैलांच्याही वधास बंदी आहे, त्यामुळें त्यास गिऱ्हाईक मिळत नाहीं. आमच्याच आळीच्या मागें एका गोठ्यांत खुंट्याला बांधलेला, आईचें दूध न मिळालेला गोऱ्हा आठ दिवस हंबरत होता, मग थांबला, हें आम्हीं आमच्या कानांनीं ऐकलें आहे. त्या आठही दिवसांत आमच्या घरचें दूध त्याच गोठ्यांतून येत होतें. आम्ही उठून निजावयास गेलों. दुसऱ्या दिवशीं जांवयांपाशीं ‘तो शब्द परत घेतों’ असें म्हटलें. ते हंसले आणि कामास गेले.

दशमी ३० जुलैस, मंगळवारीं आली. आदल्या रात्रीं मुलीनें विचारिलें, “खीर करू ना, अण्णा?” तिच्या आवाजांत भीति होती. आम्ही बराच वेळ गप्प होतों. मग म्हटलें, कर. खीर झाली, आणि आम्हीं ती खाल्ली. हेंही लिहिलें पाहिजे.

दर्भाच्या जागीं कुरणांतील गवत धुऊन घेतलें. दर्भ नसल्यास दुसरें तृण घ्यावें असें शास्त्रांत आहेच. तीळ हॅमिल्टनच्या दुकानांत मिळाले. पोथी आम्हांसच वाचावयाची होती. दक्षिणेकडे तोंड करून बसलों तेव्हां नातीनें कारण विचारिलें. पितर दक्षिणेस असतात, असें आम्हीं सांगितलें. तिनें थोडा विचार केला व म्हणाली, “मग आजी इथून जवळ असेल. वाईपेक्षा.” पोथींतील अक्षरें आम्हांस कांहीं वेळ दिसेनात.

शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, दक्षिणायन, हें सर्व निर्वेध म्हटलें. सूर्य दक्षिणेकडे निघाला आहे हें वाईस जितकें खरें तितकेंच तेथेंही खरें, फक्त तेथें तो जवळ येत असतो. नदीपाशीं आल्यावर ‘तीरे’ न म्हणतां ‘समीपे’ म्हटलें. ऋतूपाशीं अडखळलों. सकाळीं गाईंच्या पाण्याच्या हौदावर बर्फाची साय धरलेली आम्हीं स्वतः बोटानें मोडली होती. आम्हीं ‘शिशिर’ म्हटलें. शास्त्रीमंडळींस हें रुचणार नाहीं, आणि त्यांनीं तसें कळविल्यास आम्ही वाद घालणार नाहीं. पण जिच्यासाठीं तें चाललें होतें तिनें चाळीस वर्षें आमची एकही थाप चालूं दिली नव्हती.

काकबलि मागच्या कुंपणाच्या फळीवर ठेविला. त्या बाजूस कावळा नाहीं. आम्हीं वाट पाहिली. मुलगी दारांतून पाहत होती. शेवटीं दोन साळुंक्या भांडत भांडत उतरल्या. साळुंकी मूळची आपल्याकडची. १८७० नंतरच्या दशकांत ती तेथें नेऊन सोडली. पिवळ्या चोंचींनीं त्यांनीं सर्व भात संपविला. पिंड नदींत सोडावयाचे नव्हते. मावरी लोकांस ती नदी पूज्य, मृतांसंबंधींचें कांहीं तींत टाकलेलें त्यांस खपत नाहीं, असें मुलीनें आधींच बजाविलें होतें. गाईस घालावे हा दुसरा मार्ग आहेच. जांवयांनीं स्वतः ते एका म्हाताऱ्या गाईपुढें धरले. ती त्याच आठवड्यांत व्यालेली होती. तिला काय झालें होतें हें आम्हीं विचारिलें नाहीं.

पुढें वसंत आला, म्हणजे पंचांगांतील शरद. वासरांच्या दिवशीं नातीच्या कालवडीनें दोरीसह धूम ठोकली आणि बक्षीस दुसऱ्यास गेलें. निघण्याच्या आदल्या दिवशीं नात आपला पेपेहाचा कागद घेऊन आली. खालीं तिनें मराठींत एक ओळ वाढविली होती: माझे आजोबा क्रुष्णा नदीजवळ राहतात. आम्हीं तांबड्या शाईनें ‘क्रु’ खोडून ‘कृ’ केला, आणि कागद तिच्या हातीं दिला.