कालव्याकाठचे मुक्काम

इंग्लंडच्या कालव्यांवर वेगमर्यादा ताशी चार मैल. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या आजीबाई काठावरून सहज पुढे निघून जातात. एवढ्या संथ कारभारात मुक्कामाची जागा मात्र वेळेत गाठावी लागते. उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो, नवखा माणूस त्यालाच फसतो. पबजवळच्या जागा दुपारी तीन-चारलाच भरलेल्या असतात.

*

पूर्वी घोडे ज्या वाटेने बोटी ओढत, त्या काठाला मनाई नसेल तिथे नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांबट अरुंद बोट, फुकट बांधता येते, जास्तीत जास्त 14 दिवस. गावालगत पाट्या असतात, तिथे मुदत कमी. वळणावर, पुलाखाली, लॉकच्या (बोट चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दरवाजांच्या हौदाच्या) तोंडाशी, पाण्याच्या नळापाशी बांधू नये. लोखंडी मेखा, हातोडा आणि दोर एवढंच सामान लागतं. बोट बांधलेली असताना रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन बंद. शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावायचं नाही हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात.

*

श्रॉपशायर युनियन कालव्यात बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली दगडी कट्टा आहे. काठ हाताच्या अंतरावर दिसतो, पण बोट तिथवर जातच नाही. शेजारून दुसरी बोट गेली की तळ कट्ट्यावर आपटतो आणि कपातला चहा बशीत येतो. जाणकार मंडळी बोट आणि काठ यांच्यामध्ये हवा भरलेली छोटी चाकं अडकवतात. ही युक्तीही शेजारच्या बोटवाल्याकडूनच कळते.

*

ओळखी पबमध्ये होतात असं म्हणतात. माझं मत वेगळं आहे: ओळखी लॉकवर होतात. अरुंद लॉक सात फूट रुंद, एका वेळी एकच बोट. बाकीच्यांना थांबण्यावाचून गत्यंतर नाही. मग हातात दांडा घेऊन कुणीतरी येतं, तुमचा दरवाजा ढकलू लागतं आणि एसटीतल्यासारखी चौकशी सुरू होते: कुठून आलात, कुठवर जाणार? फॉक्सटनला पाच-पाच लॉकचे दोन जिने आहेत, चढण 75 फूट. गर्दीच्या दिवशी तास-दोन तास रांगेत जातात. तेवढ्यात पुढे जागा कुठे रिकामी आहे आणि कुठल्या पबमध्ये सोमवारी जेवण मिळत नाही, हे सगळं समजतं. संध्याकाळी पबमध्ये हीच मंडळी भेटतात, तेव्हा ती ओळखीची झालेली असतात.

*

टार्डेबिगला 30 लॉक आहेत. तिथे लेखक एल. टी. सी. रोल्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘क्रेसी’ नावाच्या बोटीवर राहत होते. त्यांचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक 1944 साली आलं. ते वाचून रॉबर्ट ऐकमन नावाचे गृहस्थ 1945 मध्ये त्यांना भेटायला बोटीवर आले. पुढच्याच वर्षी दोघांच्या पुढाकाराने कालवे वाचवण्यासाठी इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी राहिली. 1950 साली मार्केट हार्बरोला बोटींचा मेळावा भरला. तोवर दोघांचं बिनसलं होतं, आणि 1951 मध्ये रोल्टना संस्थेतून काढण्यात आलं. संस्था काढणं आणि संस्थापकाला बाहेर काढणं हा आपल्याकडचाच खेळ आहे असं मला उगाच वाटत होतं.

*

वेल्समधल्या लँगोलेनला जायचं तर 1805 सालच्या पोंटकसिल्टे जलसेतूवरून जावं लागतं. उंची 126 फूट. एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला लोखंडी हौदाची जेमतेम कड. त्यापुढे काही ठिकाणी कालवा इतका अरुंद आहे की दोन बोटी एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. म्हणून एकाने उतरून पुढे चालत जायचं आणि समोरून येणाऱ्याला थांबवायचं. गावातल्या बेसिनमध्ये, म्हणजे बोटतळावर, मुक्कामाला पैसे पडतात, पण पाणी आणि वीज मिळते.

*

लंडनमध्ये काठ पुरत नाही, म्हणून बोटीला बोट बांधतात. बाहेरच्या बोटवाल्याला जमिनीवर उतरायचं तर आतल्याच्या डेकवरून पाय टाकावा लागतो. त्यामुळे बोट लावण्याआधी विचारायचं, आणि रात्री उशिरा परतताना बूट काढून हातात घ्यायचे. आतल्याला पहाटे निघायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवायचं, कारण त्याच्यासाठी बाहेरच्यालाही उठून दोर सोडावे लागतात.