मनू, जहाजावर चढण्याआधी

चि. मनू,



परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, बोटीवर अठरा पूर्ण असले की चालतं म्हणे. मी घेतली तर बाबा काय म्हणतील?" तेव्हा आजी माझ्या शेजारीच मेथी निवडत बसली होती, म्हणून विषय तिथेच ठेवला. आता निवांत लिहिते. हे पत्र छापायलाही देते आहे, कारण प्रश्न एकट्या तुझा नाही. सिंगापूरच्या सहलीला क्रूझ जोडून घेणारी घरं आता आमच्या कर्जत-खोपोलीतही आहेत, आणि त्या घरांतली एकोणीस-वीस वर्षांची मुलं हाच प्रश्न मनात ठेवून बॅगा भरत असणार. तुझं खरं नाव यात कुठे येणार नाही.

आधी नियम नीट समजून घे. तुम्ही ज्या रॉयल कॅरिबियनच्या जहाजाने जाणार आहात, त्या कंपनीची जहाजं आशियातून, युरोपातून किंवा ऑस्ट्रेलियातून सुटली की त्यांवर दारू मिळण्याचं वय 18 असतं. उत्तर अमेरिकेतल्या बंदरातून सुटली की 21. कंपनी तीच, बारही तसेच, फक्त बंदर बदललं की वय बदलतं. जहाजावर चढताना तुझ्या पासपोर्टवरची जन्मतारीख तुझ्या कार्डाला जोडली जाते. खोलीचं दार त्याच कार्डाने उघडतं आणि बारमधला प्रत्येक ग्लासही त्याच कार्डावर नोंदला जातो. लहान वयाच्या मुलाला आपल्या कार्डावर घेऊन देणाऱ्या मोठ्या माणसावरही कारवाई होते. तू एकोणीसची, तुझा न्यू जर्सीचा चुलत दादा वीसचा. तुम्हा दोघांनाही तिथे कुणी अडवणार नाही.

दादाचं मात्र बघ. त्याच्या गावी त्याला दुकानातून बिअरचा साधा कॅनसुद्धा मिळत नाही. अमेरिकेत कँडी लाइटनर नावाच्या आईची तेरा वर्षांची मुलगी 1980 मध्ये दारू प्यायलेल्या माणसाच्या गाडीखाली गेली. त्या बाईने इतर आयांना गोळा केलं, चळवळ उभी केली. 1984 मध्ये तिथल्या केंद्र सरकारने राज्यांना बजावलं की वय 21 करा, नाहीतर महामार्गांसाठी मिळणारा पैसा कापला जाईल. एकेक करून सगळी राज्यं वळली, आणि तरुणांचे गाडीच्या अपघातांतले मृत्यू कमी झाले. म्हणजे त्या 21 च्या मागे काहीतरी सोसलेलं आहे. जहाजावरच्या 18 च्या मागे तसं काही नाही. ज्या देशाच्या बंदरातून जहाज सुटतं तिथे चालतं म्हणून जहाजावर चालतं, एवढंच. सिंगापूरमध्ये 18 चालतं. तुझी तब्येत, तुझं घर, तुझं मन यांचा विचार करून कुणी तो आकडा ठरवलेला नाही.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला 21, बाकी दारूला 25. कायदा 1949 चा, मुंबई दारूबंदी कायदा म्हणून झालेला. पिणाऱ्याकडे परवाना हवा, असं तो आजही म्हणतो. जून 2011 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने व्यसनमुक्तीचं धोरण मंजूर केलं आणि पंचविशीची अट ठळकपणे पुढे आणली. अभिनेता इमरान खान त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेला. अठराव्या वर्षी मत देता येतं, मग ग्लास का नाही, असा त्या वेळचा वाद होता. त्याच जून महिन्यात आपल्या खालापूरच्या एका रिसॉर्टवर पोलिसांनी रात्री छापा घातला आणि शेकडो तरुण मुलामुलींना ताब्यात घेतलं. तिथे दारूच्या पुढचंही बरंच होतं. मुंबईत कागदावर वय वाढत होतं आणि इथे, द्रुतगती मार्गाला लागून, असं चाललं होतं.

माझं मत सरळ सांगते. एकवीस मला पटतं. पंचविशीची अट मला पटत नाही, कारण ती कुणी पाळत नाही आणि कुणी पाळायला लावतही नाही. चोवीस वर्षांची, स्वतः कमावणारी, लग्न झालेली मुलगी सासऱ्यांच्या साठीला व्हिस्कीचा एक घोट घेते तेव्हा ती कायदा मोडते, आणि तो मोडला जातोय हे त्या हॉलमधल्या कुणाच्याही गावी नसतं. असा नियम कुणाला थांबवत नाही. तो मुलांना फक्त लपायला शिकवतो. आणि मनू, माझ्या नोकरीत मी जे पाहिलं, ते बहुतेक लपण्यामुळे झालेलं होतं.

तुला माहीत आहे, परिचारिका म्हणून माझी सगळी वर्षं याच पट्ट्यात गेली. पावसाळ्यातला रविवार म्हणजे आमच्या पोटात गोळा. सकाळच्या कर्जत लोकलने मुलं उतरायची, कुणी भिवपुरीला आषाण्याच्या धबधब्याकडे, कुणी पळसदरीच्या धरणावर, कुणी कोंढाण्याच्या लेण्यांकडे, कुणी सोलनपाड्याला. खोपोलीला उतरणारी झेनिथच्या धबधब्यावर. दर पावसाळ्यात प्रशासन मनाई आदेश काढतं. धबधब्याच्या जवळ जाऊ नका, पाण्यात उतरू नका, दारू बाळगू नका, पिऊ नका. त्या यादीतली गावं मला तोंडपाठ आहेत. आदेश हवाच, मी त्याच्या बाजूने आहे. पण स्टेशनसमोर पोलीस उभे दिसले की मुलं बाटल्या दप्तरात टॉवेलात गुंडाळतात, आणि जिथे पोलीस नाही, गावकरी नाही, जीवरक्षक नाही, त्या ओहोळाच्या कडेला जाऊन बसतात. जिथे हाक मारली तर कुणाला ऐकू जाणार नाही, नेमक्या तिथे.

असाच एक मुलगा आणला होता. तुझ्याच वयाचा. पाण्यातून काढलेला नव्हता, काठावरच निपचित पडला होता. मित्रांनी त्याला रिक्षात मागे उताणा टाकून आणलं. "घसरून डोकं आपटलं," एवढंच सांगत राहिले. डोक्यावर ओरखडाही नव्हता. किती प्यायला, काय प्यायला, कधीपासून, हे कुणी सांगेना. एक तर फोन लावतो म्हणून बाहेर गेला तो परत आलाच नाही. उलटी वाटेतच झाली होती, उताण्या अंगावर, आणि ती श्वासनलिकेत गेली होती. पुढे पनवेलला हलवला. वाचला, पण फार दिवस लागले. त्याची आई नंतर त्याचे कागद न्यायला आली तेव्हा मला म्हणाली, "एक फोन केला असता तर मी रागावले असते, पण आले असते ना." त्या मुलांना आईच्या रागाची भीती मरणापेक्षा जास्त वाटली होती. तू म्हणालीस ना, बाबा काय म्हणतील? म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

आता नर्स आत्या म्हणून काही सांगते, ते लक्षात ठेव. आपल्याकडची साठ मिलीची व्हिस्की म्हणजे साधारण वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. साडेसहाशे मिलीची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे साधारण चाळीस ग्रॅम. "मी फक्त एक बिअर घेतली" म्हणणारा मुलगा दोन मोठे पेग पोटात घेऊन बाइकवर बसलेला असतो. यकृत तासाला सात-दहा ग्रॅमच्या वर फारसं काही उरकत नाही, मग तू लिंबूपाणी पी, काळी कॉफी पी नाहीतर गार पाण्याने अंघोळ कर. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून तेवढ्याच ग्लासाने दादापेक्षा तुझ्या रक्तात जास्त चढणार. जहाजावरची कॉकटेल्स गोड असतात, अननसाच्या रसात रम कळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुला बस लागते तशी बोटही लागणार. ॲव्होमिनची गोळी घेतली असेल तर त्या दिवशी एक थेंबही नाही. दोन्ही मिळून गुंगी फार वाढते. कुणी बेशुद्ध पडलंच तर त्याला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, आणि जहाजाच्या डॉक्टरला खरं सांगायचं. इथे घरी असतीस तर म्हटलं असतं 108 ला फोन लाव. दोन्हीकडे खरं सांगणं तेच.

मेंदूचा जो भाग "आता बस" म्हणतो तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. त्यामुळे पंचविशी ठरवणाऱ्यांचं अगदीच काही चुकलं असं मी म्हणणार नाही. शरीराच्या हिशेबाने त्यांचं बरोबर आहे. माणसांच्या हिशेबाने नाही.

तुझ्या बाबांविषयीही लिहायचं आहे, आणि हे त्याने वाचावं म्हणूनच लिहिते. आपल्या घरात दारू नाही असं कुणी म्हणू नये. गेल्या पावसाळ्यात नेरळच्या बाजूला फार्महाउस घेतलं होतं, तेव्हा पुरुष मंडळी वरच्या गच्चीत होती. खाली तुझी आई आणि मी सुकट भाजत होतो, शेंगदाण्यावर कांदा चिरून ताटल्या वर पाठवत होतो. तुझा बावीस वर्षांचा मामेभाऊ वर गेला तर "अरे, ये ये" झालं. तू पाण्याची बाटली घेऊन जिन्यात आलीस तर "तू खाली जा गं" झालं. तू तेव्हा काही बोलली नाहीस, पण तुझा चेहरा मी पाहिला. तुझ्या वयाची अडचण असती तर मला मान्य होती. मुलगी म्हणून अडचण असेल तर मला ती मान्य नाही. दादा वीसचा आणि तू एकोणीसची. जहाजावर जो नियम त्याला, तोच तुला, हे काकाने आणि बाबांनी दोघांनी मिळून ठरवावं, आणि तुम्हा दोघांच्या समोर, सिंगापूरला पोचण्याआधी ठरवावं. डेकवर, पाहुण्यांसमोर, रागात नाही.

मला विचारशील तर, थांब. एकवीसला दोनच वर्षं उरली आहेत. समुद्र, आजी-आजोबा, चुलत भावंडं, एवढं सगळं असताना त्या आठवड्यात तुला ग्लासची गरज पडणार नाही. पण तू घ्यायचंच ठरवलंस तर माझी अट एकच आहे. बाबांच्या समोर घे. जेवणाच्या टेबलावर, अर्धा ग्लास वाइन, सगळ्यांच्या देखत. आजी नाक मुरडेल, मुरडू दे. तिच्या वडिलांना मोहाची दारू चालायची, ते तिला चांगलं आठवतं. आपल्या या भागात ठाकर-कातकरी वाड्यांवर मोहाची फुलं वेचली जायची, आणि ती वेचण्यावरसुद्धा इंग्रजांनी 1892 मध्ये ठाणे-कुलाबा जिल्ह्यांपुरता खास कायदा केला होता. कायदे आणि दारू यांची ओढाताण आपल्या डोंगरांना नवी नाही. पण रात्री अकराला दादाबरोबर चौदाव्या मजल्यावर, बाबा झोपले म्हणून, हे नको. त्यात आणि आषाण्याच्या ओहोळात मला फरक दिसत नाही.

बाबांना मी वेगळा फोन करणार आहे. त्याला मी लहानपणापासून ओळखते. तो आधी आवाज चढवेल, मग दोन दिवस गप्प राहील आणि तिसऱ्या दिवशी ऐकेल. त्या दोन दिवसांत तू त्याच्यापासून लांब पळू नकोस. परत येताना मुंबईत उतरलात की पुन्हा महाराष्ट्राचा नियम लागू, हे दादाला नीट समजाव. त्याला वाटेल तिकडे चाललं तसं कर्जतलाही चालेल. आणि घरी येताना गाडी जो चालवेल त्याने विमानात एक घोटही घ्यायचा नाही. रक्तात शंभर मिलीमागे तीस मिलिग्रॅम ही हद्द आहे, पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तो दंड सोड, चौक ते कर्जत रस्त्यावर रात्रीच्या खडीच्या डंपरसमोर दंडाचा विचार करायला वेळ मिळत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली, ती आजच काकाला कळव. जहाजावर ड्रिंक पॅकेज घ्यायचं म्हणतोय तो. त्या पॅकेजचा नियम असा आहे की एका खोलीतल्या एका मोठ्या माणसाने घेतलं, तर त्या खोलीतल्या पिण्याच्या वयाच्या सगळ्यांना ते घ्यावंच लागतं. सिंगापूरहून निघताना तू त्या वयाची धरली जाणार. म्हणजे बाबांनीही ते घेतलं आणि त्यांच्या खोलीत तुझं नाव असलं तर तू एक थेंब न घेताही तुझे पूर्ण पैसे लागणार, आणि मग "पैसे भरलेच आहेत तर घे" असं कुणीतरी म्हणणारच. म्हणून खोल्यांची वाटणी बदला. तू आजी-आजोबांच्या खोलीत राहा. तिथे कुणी पॅकेज घेणार नाही, आजोबांना रात्री उठताना सोबत होईल, आणि आजीला खिडकीची खोली हवीच होती. बुकिंगमध्ये नावं बदलायची मुदत संपण्याआधी हे करून घे आणि झालं की मला कळव.

तुझी,
आत्या
दहिवली, कर्जत