ओझर मिग

राजस्थानातलं सुरतगड आणि आमचं सुरत यांच्यामध्ये अर्धा गुजरात आणि जवळपास अख्खा राजस्थान पसरलाय. अमळनेरच्या मामांना मात्र हे कधी पटलं नाही. सुरतगडचं मिग पडल्याची बातमी आली की इथे सुरतेतल्या उधन्यात माझा फोन वाजायचाच. “तुमनाकडे इमान पडनं म्हने?”

मे २०२३मध्येही वाजला. वैमानिक छत्रीने सुखरूप उतरला होता. विमान कोसळलं त्या गावातल्या तीन बायका मात्र गेल्या होत्या. तेव्हा मावशीचे यजमान, ओझरचे काका, आमच्याकडे आलेले होते. एचएएलच्या कारखान्यात फिटर म्हणून हयात गेलेला माणूस. १९६४ साली उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात मिग इतकी वर्षं घडलं की गावालाच आडनाव चिकटलं : ओझर मिग. मी फोन खाली ठेवला, तर काका कोणतं विमान, कितवं विमान, काही विचारेनात. एवढंच म्हणाले, “पोरगा वाचला ना?”

मिग-२१ तसा दिसायला अंगापिंडाने किरकोळ. नळीसारखं शरीर, पुढे आ वासलेलं तोंड आणि त्या तोंडात सुपारी धरावी तसा टोकदार शंकू. पंख त्रिकोणी, या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम सात मीटर. वेग ध्वनीच्या दुप्पट. एवढ्याशा पंखांवर रेंगाळणं त्याच्या रक्तातच नव्हतं. उतरतानासुद्धा ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास धावत यायचा. चाकं टेकली की शेपटीतून छत्री फुलायची, तेव्हा कुठे आवरायचा. पोट लहान, त्यामुळे तहान लवकर लागायची. आत खुर्ची एकच. बाहेरचं दिसायचं तेही बेताचंच. त्या खुर्चीत बसणारा बहुधा पंचविशीच्या आतबाहेरचा. चूक झाली तर सावरून घ्यायला शेजारी कोणी नाही, आणि चूक पोटात घालणं मिगच्या स्वभावात नाही.

पण मिगने सांगितलेलं काम कधी टाळलं नाही. १९६३ साली तो चंडीगडला २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये आला. आपल्या हवाई दलातला ध्वनीहून वेगवान असा हा पहिलाच गडी. १४ डिसेंबर १९७१ रोजी त्याच स्क्वाड्रनच्या मिगांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं सोडली. वैमानिकांच्या हाती नकाशा होता तो पर्यटकांसाठी छापलेला! त्याच दिवशी गव्हर्नरांनी राजीनामा लिहिला. दोन दिवसांनी पाकिस्तानी फौजेने शस्त्रं खाली ठेवली. पुढे कारगिलमध्ये स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा याच विमानातून गेले ते परतले नाहीत. २०१९मध्ये पाकिस्तानशी झालेल्या हवाई चकमकीत अभिनंदन वर्धमान यांच्या हाताखालीही मिगच होता, म्हातारपणी नवं रडार लावलेला ‘बायसन’.

मग ‘उडती शवपेटी’ हे नाव कुठून आलं? सुरतेत हे समजावणं सोपं आहे. साध्या शटलच्या लूमवर हात बसलेल्या पोराला एके दिवशी एकदम सुसाट वॉटरजेटवर उभं करा आणि धागा तुटला की त्यालाच बोल लावा. वर्षानुवर्षं असंच चाललं. सावकाश उडणाऱ्या ‘किरण’ विमानावर शिकलेली मुलं थेट मिगच्या खुर्चीत बसत. मधली पायरी म्हणून वेगवान प्रशिक्षण विमान घ्या, असं ला फोंतेन समितीने १९८२ सालीच सांगितलं होतं. ते विमान, हॉक, आलं २००८मध्ये. तोवर सव्वीस वर्षांच्या तुकड्या निघून गेल्या होत्या.

त्यातलाच एक पुण्याचा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. १७ सप्टेंबर २००१च्या रात्री सुरतगडला त्याचं मिग कोसळलं. दोष वैमानिकावर आला. आई कविता गाडगीळ यांनी तो मानला नाही. मुलाच्या नावावरचा डाग पुसण्यासाठी त्या वर्षानुवर्षं लढल्या आणि पती अनिल यांच्यासह त्यांनी वैमानिक घडवणारी संस्थाही काढली. मुलगा विमानात गेला, तरी दुसऱ्यांच्या मुलांना त्यांनी विमानापासून दूर ठेवलं नाही. त्यांना नीट शिकवून पाठवायची सोय केली.

काकांना मी एकदा विचारलं होतं, तुम्ही घडवलेलं पडलं की काय वाटतं? ते बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “आपल्याकडून एखादा बोल्ट ढिला तर राहिला नाही, हे आधी मनात येतं. पोरगा वाचला कळलं की मग जेवण जातं.”

२६ सप्टेंबर २०२५. चंडीगडला मिगचा निरोप समारंभ, बासष्ट वर्षांनी, जिथे पहिल्यांदा आला तिथेच. खुद्द हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग खुर्चीत बसले. इकडे नवरात्राची पाचवी माळ. पोरीबाळींची गरब्याची तयारी चाललेली, आणि काका टीव्हीसमोर ताठ बसलेले. आकाशातली रचना, भाषणं, पाण्याच्या फवाऱ्यांची कमान यांत त्यांचं लक्ष नव्हतं. विमानं उतरायला लागली तशी त्यांची बोटं हलू लागली. मला वाटलं, जपच करताहेत.

शेवटच्या विमानाची चाकं टेकली. काकांनी मूठ मिटली, टीव्ही बंद केला.

“उतरली सगळी,” म्हणाले, आणि मावशीला ताट वाढायला सांगितलं.