ऋतू पालटताना कडावच्या वाटेवर

कार्तिक सरत आला की कर्जत तालुक्यातली हवा लहरी होते. पहाटे अंगणातल्या पायरीवर दव असते, दहाच्या सुमारास ऊन बोचू लागते, दुपारी पंखा लावावासा वाटतो आणि दिवेलागणीला पुन्हा शालीची आठवण होते. मध्येच अरबी समुद्रावर कमी दाबाचे क्षेत्र तयार होते आणि दोन दिवस आभाळ भरून राहते. अशा दिवसांत घरातल्या वृद्धांना बाहेर न्यावे की नाही, हा प्रश्न तुमच्याही घरात दरवर्षी पडत असेल. आपल्याकडे त्याचे उत्तर ठरलेले असते: "हवा बरी नाही, आज राहू द्या." त्या एका 'आज'चे पंधरा दिवस होतात आणि पंधरा दिवसांनी खुर्चीतून उठताना गुडघे साथ देईनासे होतात.

माझ्या आईच्या बाबतीत नेमके हेच घडले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली. हाड मोडले नाही. मोडला तो धीर. पडण्याची भीती तिच्यापेक्षा आम्हा मुलांनाच जास्त होती. आम्ही तिला इतके जपले की चार महिन्यांत ती जिना उतरेनाशी झाली. अखेर नोव्हेंबरात आठ दिवसांसाठी कडावच्या नातलगांकडे जायचे ठरले. त्या आठ दिवसांच्या आधाराने हे लिहीत आहे. तुमच्या घरी असाच प्रसंग असेल, तर त्यातले काही तुमच्या उपयोगी पडेल.

कर्जत स्थानकाबाहेर पडून मुरबाडकडे जाणारा रस्ता धरला की वाटेत कडाव लागते. एसटी मिळते, रिक्षाही मिळते. गावाची ओळख बाल दिगंबर गणेशाच्या मंदिराने आहे. बालरूपातल्या गणपतीच्या दर्शनाला मुंबई-पुण्याकडूनही लोक येतात. पण वृद्धांना घेऊन जाणाऱ्याने मंदिराइतकेच भोवतालच्या सपाटीकडेही पाहावे. पूर्वेला सह्याद्रीची उभी भिंत, पश्चिमेला माथेरानचा डोंगर आणि मधे भातखाचरांचा पसरट प्रदेश. डोंगर पाहायचे, पण चढायचे नाहीत, अशी सोय फार थोड्या ठिकाणी असते.

पूर्वेच्या त्या भिंतीमुळे येथे ऊन जरा उशिरानेच उतरते. उजाडलेले असते, पण खाचरांवर धुके तसेच असते. समुद्रापासून आत असल्यामुळे रात्री येथे मुंबईपेक्षा अधिक थंडावा असतो आणि दुपार मात्र चांगलीच तापते. तरुणाला ही तफावत सुखद वाटते. वृद्ध शरीराला तिच्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. म्हणून पहाटे पाचला फिरायला निघण्याची जुनी सवय या दिवसांत बाजूला ठेवावी. आम्ही साडेआठला निघत असू. त्याआधी घरातच बसल्या जागी घोटे फिरवणे, खांदे फिरवणे आणि कोमट पाण्याचा एक पेला. थंडीत तहान लागत नाही, वृद्धांना तर आणखीच कमी लागते. पाणी आठवणीने द्यावे लागते.

आपल्या पूर्वजांनी ऋतू पालटण्याच्या काळाचा वेगळा विचार केला होता. सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस यांना वाग्भटाने ऋतुसंधी म्हटले आणि जुन्या सवयी हळूहळू सोडत नव्या हळूहळू धराव्यात, असे सांगितले. शार्ङ्गधराने कार्तिकाचे शेवटचे आठ व मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस 'यमदंष्ट्रा' म्हणून ओळखले आणि या काळात मिताहाराचा सल्ला दिला. नाव ऐकून घाबरायचे कारण नाही. बेताने राहा, एवढाच त्याचा अर्थ. घरात कोंडून घ्या, असे त्यात कोठेही नाही.

आता त्या दोन काठ्यांविषयी. आईला व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी काठी सुचवली होती, पण काठी धरली की लोक म्हातारी म्हणतात, म्हणून आई ती हातात घेत नव्हती. मग त्यांनीच एक ऐवजी दोन काठ्या घ्यायला सांगितले. फिनलंडमध्ये क्रॉस-कंट्री स्कीइंग करणारे, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून सपाट बर्फावरून मैलोन्‌मैल जाणारे खेळाडू, उन्हाळ्यात बर्फ नसताना त्याच काठ्या घेऊन चालण्याचा सराव करीत. त्यातूनच 1990च्या दशकाच्या अखेरीस चालण्यासाठीच्या खास काठ्या निघाल्या आणि 'नॉर्डिक वॉकिंग' हा प्रकार युरोपभर पसरला. ज्येष्ठांनी तो विशेष आपलासा केला. हे ऐकल्यावर आई हसली आणि म्हणाली, "म्हणजे मी खेळाडू झाले तर!" काठ्या त्याच दिवशी घरात आल्या.

पद्धत साधी आहे. ताठ उभे राहून काठीचे टोक पायाजवळ टेकवले असता कोपर साधारण काटकोनात यावे, इतकी उंची ठेवावी. उजवा पाय पुढे तेव्हा डावा हात पुढे. डांबरी रस्त्यावर काठीच्या टोकाला रबरी टोपण असावे, मातीच्या वाटेवर ते काढावे. दोन्ही बाजूंना आधार मिळतो, पाठ वाकत नाही आणि हात-खांदेही कामाला लागतात. मात्र ज्यांचा तोल फारच जातो, ज्यांची नुकती शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. त्यांना कदाचित वॉकरच योग्य असेल.

पहिल्या दिवशी आई दाराच्या फाटकापासून पहिल्या आंब्यापर्यंत गेली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी मंदिराच्या रस्त्यावर अर्ध्यात. खाचरांत भाताची कापणी सरत आली होती, भारे बांधून ठेवले होते, खळ्यावर झोडणी चालू होती. हा भाताचाच मुलूख. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेली 'कर्जत-3', 'कर्जत-7' ही वाणे कोकणभर लावली जातात. बांधावर बसलेल्या एका आजींनी आईला विचारले, "बाय, दोन-दोन काठ्या कशाला गो?" आईने त्यांना फिनलंड समजावून सांगितले. किती समजले कोणास ठाऊक, पण दोघी पाऊण तास बोलत बसल्या. बसून घेतलेली ही विश्रांती फिरण्याचाच भाग आहे.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आले. मी काठ्या कोपऱ्यात उभ्या केल्या आणि म्हटले, "आज राहू दे." आई म्हणाली, "मी काही मिठाची नाही विरघळायला." आमचा थोडा वाद झाला. पाऊस आला आणि माझेच खरे ठरले, असे मला वाटले. पण ती दिवसभर खिडकीशी गप्प बसून राहिली, जेवलीही नीट नाही. त्या रात्री मला जाणवले, की मी पावसापेक्षा माझ्या धास्तीचेच जास्त ऐकत होतो.

बर्फाच्या प्रदेशातले ते स्कीपटू हिवाळ्याच्या सुरुवातीला काय करतात, ठाऊक आहे? तेव्हा तेथलीही हवा अशीच बेभरवशाची. आज भुसभुशीत बर्फ, उद्या ओला, परवा गोठून टणक. बर्फाच्या तापमानाप्रमाणे ते पट्ट्यांना लावायचे मेण बदलतात. आम्हीही तेच केले. जाणे रद्द करायचे नाही, जाण्याची रीत बदलायची. पाऊस असेल तर पडवीत भिंतीच्या कडेने वीस फेऱ्या. धुके दाट असेल तर ते विरेपर्यंत थांबून दहाला निघणे. दमा असणाऱ्यांनी तर धूर आणि धुके दोन्ही टाळावीतच. ऊन असेल तर टोपी आणि सुती कपड्यावर सहज काढता येईल असा स्वेटर. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ बरे. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतकाच वेग. छातीत दुखले, चक्कर आली, तर तेथेच बसायचे आणि 108 ला फोन लावायचा. उपजिल्हा रुग्णालय कर्जतला आहे.

पावसानंतरच्या वाटेविषयी एक सूचना. ओला बांध निसरडा असतो. त्या दिवशी डांबरी रस्ताच धरावा. कापलेल्या खाचरांत आणि पेंढ्याच्या आसपास उंदरांमागे घोणस येते. पायांत बंद बूट असावेत, गवतात पाय टाकू नये, काठी आपटत चालावे.

आणखीही एक गोष्ट लक्षात राहावी. आपल्याला हवापालट म्हणून गंमत वाटणारी सर शेतकऱ्याच्या कापून ठेवलेल्या भाताला मोड आणते. 11 नोव्हेंबर 2009 रोजी 'फयान' वादळ याच कोकण किनाऱ्यावर आले होते. 2021च्या डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांतही अवकाळीने असेच गाठले. तिसऱ्या दिवशीच्या पावसानंतर त्या बांधावरच्या आजी घरातल्या सगळ्यांबरोबर भारे उलटून वाळवीत होत्या. वय त्यांचेही आईएवढेच असावे. आईने काठ्या बाजूला ठेवून थोडा वेळ त्यांच्या शेजारी उभे राहून ओंब्या झाडल्या.

सवड असेल तर पेज नदीकडेही जाऊन या. इतर नद्या आटत असताना हिला पाणी असते. त्याचे कारण भिवपुरीच्या टाटा जलविद्युत केंद्रात आहे. 1922 पासून घाटमाथ्यावरच्या आंध्रा नदीचे पाणी तेथे खाली सोडून वीज केली जाते. एरवी इंद्रायणी-भीमेतून बंगालच्या उपसागराला मिळाले असते, ते पाणी असे पश्चिमेला वळून या खोऱ्यात येते. म्हणूनच येथे पुढे उन्हाळी भातही दिसतो. मात्र पाणी केव्हाही वाढू शकते, म्हणून पात्रात उतरू नये, काठावरून पाहावे.

जागतिक आरोग्य संघटनेने पासष्टीपुढच्या व्यक्तींनाही आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल व बळ वाढवणारे व्यायाम सांगितले आहेत. ऐकताना हा आकडा मोठा वाटतो. आठ दिवसांत आम्ही तेथवर पोहोचलो नाही. पण सातव्या दिवशी सकाळी, धुके नुकते विरत असताना, आई मंदिरापर्यंत चालत गेली. वाटेत तीनदा बसली. पायरीशी काठ्या भिंतीला टेकवून तिने माझा हात धरला आणि एकेक पायरी मोजत चढली. उतरताना तिने हात सोडवून घेतला आणि कठडा धरला. मी एक पायरी खाली, पाठीकडे न वळता उतरत होतो.

आता घरी आल्यावर ती रोज जिना उतरते. ढगाळ दिवशी मी खिडकीतून आभाळाकडे पाहू लागलो, की काठ्या दारापाशी आधीच उभ्या असतात.