उशिरा आलेली दृष्टी

बघण्याची क्षमता लहानपणीच रुजते. त्या वयात रुजली नाही, तर पुढे डोळे दुरुस्त करून फारसं काही हाती लागत नाही. अकरावीच्या वर्गात संवेदनाचं प्रकरण शिकवताना हे मी वर्षानुवर्षं ठामपणे सांगत आलो. आता सांगत नाही. माझं मत बदललं, आणि ते का बदललं हे सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण हा प्रश्न फक्त परीक्षेतल्या पाच गुणांचा नाही.

माझ्या जुन्या मताला आधार भक्कम होता. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात शिवून बंद ठेवला. पुढे तो उघडल्यावर डोळ्यात काहीच दोष नव्हता, तरी मेंदूतल्या दृष्टीच्या पेशी त्या डोळ्याला जवळजवळ प्रतिसादच देत नव्हत्या. मोठ्या मांजराचा डोळा तसाच झाकून ठेवला, तर असं काही होत नव्हतं. या दोघांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. एका डोळ्याची नजर मंद राहिलेल्या मुलाला डोळ्यांचे डॉक्टर लवकर पट्टी लावायला सांगतात, त्यामागेही हेच ज्ञान आहे. त्या प्रयोगांवर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. माझा विश्वास उडाला तो त्यांवरून मी काढत असलेल्या निष्कर्षावरचा.

सुरुवात झाली ती पवन सिन्हा यांच्या कामापासून. अमेरिकेतल्या एमआयटीत शिकवणाऱ्या या शास्त्रज्ञाने दिल्लीत ‘प्रोजेक्ट प्रकाश’ उभा केला. जन्मजात मोतीबिंदू असलेली आणि गरिबीमुळे, अंतरामुळे किंवा कोणी सांगितलंच नाही म्हणून ऑपरेशनाविना मोठी झालेली मुलं शोधायची, त्यांच्यावर उपचार करायचे, आणि त्यांची दृष्टी कशी घडत जाते याचा अभ्यास करायचा. मदत आणि संशोधन एकाच कामातून. आपल्या देशातलं एक दुःख शास्त्राच्या एका फार जुन्या प्रश्नाला उत्तर देणार होतं.

तो प्रश्न १६८८ मधला. डब्लिनच्या विल्यम मॉलिनो यांनी तत्त्ववेत्ते जॉन लॉक यांना पत्र लिहून विचारलं: जन्मांध माणसाला हाताने चाचपून घन आणि गोल यांतला फरक कळतो, त्याला अचानक दिसू लागलं, तर स्पर्श न करता, नुसतं बघून तो त्या दोन वस्तू ओळखेल का? मॉलिनो यांच्या पत्नीची दृष्टी गेलेली होती. म्हणून हा प्रश्न मला कधीच कोरड्या तत्त्वज्ञानाचा वाटला नाही.

सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याचं उत्तर छापलं. आठ ते सतरा वर्षांची पाच मुलं, आणि ऑपरेशननंतर पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत घेतलेली चाचणी. खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखा एक आकार हातात द्यायचा, मग दोन आकार डोळ्यांपुढे धरून विचारायचं, मघाचा कोणता? बघितलेला आकार बघून ओळखणं त्यांना नव्वद टक्क्यांच्या वर जमलं, चाचपलेला आकार चाचपून ओळखणंही. पण चाचपलेला आकार डोळ्यांनी ओळखताना उत्तरं अठ्ठावन्न टक्क्यांवर आली, म्हणजे जवळपास अंदाजच. इथवर माझं जुनं मत सुखरूप होतं. पुढच्या ओळीने ते हललं. काही मुलांची पुन्हा चाचणी घेतली तेव्हा त्यांना हे जमू लागलं होतं, आणि त्यातली सर्वांत लवकर झालेली सुधारणा अवघ्या पाच दिवसांतली होती. मी जे दार बंद झालं असं वर्गात सांगत होतो, ते इतक्या उशिरा, इतक्या लवकर उघडत होतं.

वाचलेलं डोक्यात राहतं, पण मन वळायला समोर कोणीतरी लागतं. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन बाराव्या वर्षी झालं. तिच्या आईने मला घरी बोलावलं. “सर, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन झकास झालं. मग ही अजून चाचपडते का?” दुपारची वेळ होती. खिडकीच्या गजांच्या सावल्या शहाबादी फरशीवर पडल्या होत्या आणि ती मुलगी प्रत्येक सावलीपाशी थबकून पाय उचलून टाकत होती. समोर भिंतीवर खुंटीला तिच्या वडिलांचा शर्ट अडकवलेला होता. तिथे काय आहे असं विचारलं, तर म्हणाली, “भिंत.” आईने पंखा लावला. शर्टाची बाही हलली, आणि ती लगेच म्हणाली, “बाबांचा शर्ट!”

त्या क्षणी मला सिन्हांच्या गटाचा २००९ मधला निबंध आठवला. एकोणतीस वर्षांच्या एका माणसाला जन्मापासून डोळ्यांत नैसर्गिक भिंगच नव्हतं. चष्मा मिळाला तेव्हा कुठे त्याला बऱ्यापैकी दिसू लागलं. एकमेकांवर आलेले चौकोन आणि वर्तुळ त्याला दोन आकृत्या म्हणून दिसत नव्हते, जिथे रेषा छेदतात तिथे तो वेगळेच तुकडे मोजायचा. तीच आकृती हलवली की मात्र त्याला ती नीट कळायची. एकत्र हलतं ते एक, हे मेंदूला आधी उमगतं. स्थिर चित्रातल्या कडा, सावल्या, रंग यांची उकल त्या आधाराने पुढे होते. हे मी वाचलं होतं, शिकवलंही होतं. पंख्याच्या वाऱ्याने हललेल्या बाहीने ते मला पटवलं. आईला मी सांगितलं, “ताई, हिचे डोळे आता बघताहेत, पण काय बघितलं हे अजून शिकायचंय. वस्तू हातात द्या, हलवून दाखवा, नाव सांगा.”

इथून माझं मन दुसऱ्या टोकाला गेलं. बघणं म्हणजे सगळं शिकणंच, असं मी मानू लागलो, आणि त्या मतालाही एका निबंधाने लगाम घातला. रुळांसारख्या जवळ येत जाणाऱ्या दोन रेषांमध्ये सारख्याच लांबीच्या दोन आडव्या रेघा काढल्या, तर वरची लांब वाटते. हा पॉन्झोचा भ्रम. बाणांच्या टोकांचा म्युलर-लायरचा भ्रम तर दरवर्षी मी खडूने फळ्यावर काढतो. आपण कोपरे, रस्ते, रूळ बघत मोठे होतो म्हणून फसतो, असं स्पष्टीकरण मी देत असे. २०१५ मध्ये सिन्हांच्या गटाने दाखवलं की नुकतीच दृष्टी आलेली नऊ मुलं, ज्यांनी रूळ कधी पाहिलेच नव्हते, तीही या दोन्ही भ्रमांना लगेच फसली. म्हणजे बघण्याची काही चौकट अनुभवाआधीच तयार असते. तिचं किती जन्मजात आणि किती शिकलेलं, हे प्रकरण मला अजून पुरतं मिटलेलं वाटत नाही, आणि मुलांना मी ते तसंच सांगतो.

या सगळ्याला दुःखाची बाजूही आहे. ब्रिटनमध्ये सिडनी ब्रॅडफर्ड यांना बावन्नाव्या वर्षी पारपटल बसवल्यावर दिसू लागलं. अंधशाळेत बोटांनी शिकलेली मोठी अक्षरं त्यांनी बघताच वाचली. लंडनच्या संग्रहालयात एक लेथ मशीन मात्र त्यांना बघून कळेना. हात लावून चाचपलं, मग डोळे उघडून बघितलं, तेव्हा ते कळलं. रिचर्ड ग्रेगरी आणि जीन वॉलेस यांनी हे सारं १९६३ मध्ये लिहून ठेवलं, आणि ब्रॅडफर्ड यांना आलेलं नैराश्यही. आंधळा असताना रस्ता निर्धास्त ओलांडणारा माणूस दिसू लागल्यावर रहदारीला घाबरू लागला. उशिरा दृष्टी आली म्हणजे आनंदच आनंद, असं मी कोणाला सांगणार नाही.

स्वप्नांचं प्रकरणही मी आता याला जोडून घेतो. पूर्वी ते फ्रॉइडपासून सुरू व्हायचं आणि दबलेल्या इच्छांपाशी संपायचं. आता सुरुवात जोसेफ जॅस्ट्रो यांच्यापासून होते. त्यांनी १८८८ मध्ये अंधांना त्यांची स्वप्नं विचारली. साधारण पाच वर्षांच्या आत दृष्टी गेलेल्यांच्या स्वप्नात दृश्य नव्हतं. सातच्या पुढे गेलेल्यांच्या स्वप्नात ते टिकून होतं. जन्मांध माणसाच्या स्वप्नात आवाज असतात, स्पर्श असतात, वास असतात. झोपेतही मेंदू जागेपणी मिळवलेल्या ऐवजावरच काम करतो. आमच्या गल्लीतल्या मुलीने पुढे काही महिन्यांनी मला सांगितलं, की पूर्वी स्वप्नात आई फक्त बोलायची, आता आई बोलते तेव्हा काहीतरी पिवळं हलतं. तिच्या आईची रोजची साडी पिवळी आहे. एका मुलीच्या सांगण्यावर शास्त्र उभं राहत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी ते वहीत टिपून ठेवलं आहे.

माझा बदल नेमका किती, तेही सांगतो. लवकरात लवकर उपचार झाले पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. दाट जन्मजात मोतीबिंदू पहिल्या दोन-तीन महिन्यांत काढला तर जे मिळतं, ते बाराव्या वर्षी मिळत नाही. नजरेचा बारकावा कायमचा उणा राहतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे. बाळाच्या बाहुलीत पांढरं दिसलं तर ‘मोठं झाल्यावर बघू’ म्हणून कोणी थांबू नये. पण उपचार राहून गेलेली मुलंही आहेत, आणि त्यांच्याबद्दल ‘आता काय उपयोग’ हे वाक्य मी यापुढे उच्चारणार नाही.

अशा मुलांचे पालक माझ्याकडे येतात तेव्हा मुलाचं वय मी आजही पहिल्यांदा विचारतो. त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न असतो: ऑपरेशन झाल्यावर रोज दुपारी वस्तू हातात देऊन नावं सांगायला त्याच्याजवळ घरातलं कोण बसणार आहे?