बिनचेहऱ्याचा नाईक

पोस्टरच्या खळीला एक आंबूस वास असतो. मैद्याची ती पातळ, कोमट खळ बादलीत घेऊन आणि पोस्टरांच्या गुंडाळ्या सायकलच्या कॅरिअरला बांधून तो माणूस आमच्या एस.टी. स्टँडच्या भिंतीशी थांबला, की आम्ही पोरं दप्तरं टाकून त्याच्याभोवती गोळा व्हायचो. जुनं पोस्टर तो कधी काढत नसे. त्याच्यावरच नवं बसवायचा, तळहातानं फुगे दाबत, कोपरे घोटत. मग नगरकडचा तो रुसका पाऊस, एक दिवस येऊन आठ दिवस तोंड न दाखवणारा, कधीतरी मनावर घेऊन कोसळला, की भिंत भिजायची, थर सुटायचे आणि एखाद्या देखण्या नायकाचा गाल लोंबू लागला की त्याच्या आतून दुसऱ्याची भुवई, तिसऱ्याचं पिस्तूल, आणखी कुणाचा गॉगल डोकवायचा. एका चौकटीत चार माणसं.

की एकच माणूस, चारदा?

हेर मला पहिल्यांदा भेटला तो जत्रेतल्या तंबूत. मधोमध पडदा, खाली अंथरलेली पोती, प्रोजेक्टरची घरघर आणि तिच्यात मिसळलेला बाहेरच्या पाळण्याचा करकराट. 'सुरक्षा'तला मिथुन. गनमास्टर जी-नाइन. आम्ही उशिरा पोचल्यामुळे पडद्याच्या मागच्या अंगाला बसलो होतो. तिथून श्रेयनामावली उलटी दिसायची, गाड्या भलत्या बाजूनं धावायच्या आणि मिथुन डाव्या हातानं गोळ्या झाडायचा. पुढे कितीतरी वर्षं माझ्या मनातला मिथुन डावखुराच होता. 'फर्ज'मधला जितेंद्र, एजंट एकशे सोळा, त्याच्याही आधीचा, १९६७ सालचा. पण तो आमच्याकडे मागाहून आला आणि मला मिथुनचा धाकटा भाऊ वाटला. या सगळ्यांचा मूळपुरुष लंडनला राहतो, त्याला राणीच्या सरकारकडून माणूस मारायचा परवाना आहे, ही बातमी तंबूपर्यंत पोचली नव्हती.

तो मूळपुरुष आला तोही असाच उलटसुलट. आधी रॉजर मूर, मग पिअर्स ब्रॉस्नन, आणि बऱ्याच वर्षांनी शॉन कॉनरी, ज्याच्यापासून १९६२ साली 'डॉक्टर नो'मध्ये हे सगळं सुरू झालं. वाड्यातली खोली तीच आणि भाडेकरू बदलत जावेत, तसा जेम्स बाँड. प्रत्येकानं भिंतीला आपला खिळा ठोकला. कॉनरी नुसता चालायचा आणि त्या चालण्यातच सावज हेरलेल्या जनावराचा निवांतपणा असायचा. मूरनं सगळा बाँड एका भुवईवर तोलला आणि 'ऑक्टोपसी'त तो उदयपूरला आला तेव्हा विजय अमृतराजला टेनिसच्या रॅकेटनं मारामारी करावी लागली तरी ती भुवई ढळली नाही. टिमथी डाल्टन कायम रागावलेला, कुणीतरी आपली फसवणूक केली आहे हे कळल्यासारखा. ब्रॉस्नन पाण्याखालीसुद्धा टायची गाठ नीट करणारा. आणि डॅनिअल क्रेग, ज्याच्या बोटांच्या पेरांवरचं रक्त वाळायच्या आत दुसरं येतं, जो मारतो तेव्हा त्याला स्वतःलाही लागतं. या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो एकाच चित्रपटापुरता बाँड झालेला जॉर्ज लेझनबी. १९६९. लग्न लागून काही तासही झालेले नाहीत, आणि घाटातल्या रस्त्यावर, फुलांनी सजवलेल्या मोटारीत बायको त्याच्या मांडीवर मरून पडली आहे. त्या क्षणी त्याच्याकडे ना यंत्र असतं, ना विनोद. लोकांना तो आवडला नाही.

मला वाटतं, तो हेर कमी आणि माणूस जास्त दिसला, म्हणून.

या परदेशी गोष्टीत आमच्या नगरचा एक धागा आहे. ओढूनताणून आणतो आहे असं वाटलं तरी आणतोच. ब्रिटनला अर्ध्या शतकाहून अधिक काळ हसवणारा स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ रोजी नगरमध्ये जन्मला, लष्करातल्या बापाच्या पोटी. नगरच्या छावणीनं जगाला रणगाड्यांवरचे जवान दिले, तसा हा एक वेडापीरही दिला. बीबीसीवरच्या त्याच्या 'गून शो'मध्ये त्याच्या जोडीला पीटर सेलर्स होता, आणि त्याच सेलर्सनं १९६७ साली 'कसिनो रोयाल' नावाच्या एका धमाल, गोंधळलेल्या चित्रपटात बाँडचं सोंग घेतलं. त्यातली एक कल्पना मला अजून भुरळ घालते. शत्रूला खरा बाँड सापडू नये म्हणून साऱ्याच हेरांना, बायकांनासुद्धा, जेम्स बाँड हेच नाव देऊन टाकायचं! चित्रपट फसला, कल्पना मात्र अस्सल हेरगिरीची.

आणि ते नावही कसलं? इयान फ्लेमिंगला आपल्या हेरासाठी सपक, कुणाच्या लक्षात राहू नये असं नाव हवं होतं. जमैकातल्या घरी त्याच्याकडे वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवरचं एक पुस्तक होतं. त्यावरच्या पक्षीतज्ज्ञाचं नाव त्यानं उचललं. पक्ष्यांच्या पुस्तकातून उडून आलेला हेर. हे वाचलं तेव्हा मी चमकलो, कारण आपल्याकडे ज्यांच्याबद्दल सांगतात की त्यांना पाखरांची बोली येत होती, वाऱ्याच्या शिळेतून ते निरोप पाठवायचे, ते शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक डोळ्यांसमोर आले.

आले म्हणजे काय, कुणाच्या तरी चेहऱ्यानं आले. त्यांचा स्वतःचा चेहरा कुठे आहे? सभासदाच्या बखरीत त्यांचं नाव येतं ते कामापुरतं. आलं, काम झालं, गेलं. नगर तालुक्यातल्या शिंगवे नाईक गावाशी त्यांचं मूळ जोडतात, सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात, आणि मधला सगळा माणूस आपण कल्पनेनं भरून काढतो. बाँड मुळातच काल्पनिक, पण त्याचं पेय, त्याचं घड्याळ, त्याची मोटार, सगळं ठरलेलं. बहिर्जी खरेखुरे होऊन गेले, आणि त्यांच्याबद्दल काहीच ठरलेलं नाही. खरा माणूस धुकं झाला आणि खोट्याला पासपोर्ट मिळाला.

'बहिर्जी नाईक' नावाचा मराठी चित्रपट १९४३ सालीही होता. ते साल मनात घोळवत मी नगरच्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकाशी कितीदा तरी उभा राहिलो आहे. त्या वर्षी या तटामागे नेहरू होते, मौलाना आझाद होते, काँग्रेसच्या कार्यकारिणीतले बहुतेक सगळे होते. आणि याच नगरचे अच्युतराव पटवर्धन मात्र बाहेर होते. भूमिगत. आज या वेशात, उद्या त्या नावानं, पोलिसांच्या याद्यांतून पाऱ्यासारखे निसटणारे. ते अखेरपर्यंत सापडले नाहीत. त्या दिवसांत मराठी मुलखातल्या एखाद्या थिएटरच्या अंधारात, पडद्यावरच्या बहिर्जीकडे बघत, टोपी भुवईपर्यंत ओढलेला एखादा भूमिगत बसला असेल का? शेजारीच साध्या कपड्यातला शिपाई? दोघांनीही एकाच प्रसंगाला टाळी वाजवली असेल का? मला हे दृश्य इतकं आवडतं की ते घडलं नसलं तरी चालेल. स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, अच्युतराव राजकारणातूनच बाजूला झाले, नाटक ऐन भरात असताना रंग पुसून विंगेतून परस्पर घरी निघून गेल्यासारखे. सोंग उतरवायची ती घाई मला फार थोर वाटते.

आताच्या मुलांचे बहिर्जी वेगळे. दिग्पाल लांजेकरांच्या 'फर्जंद'मध्ये, २०१८ साली, प्रसाद ओक बहिर्जी झाले. पुढच्याच वर्षी 'फत्तेशिकस्त'मध्ये हरीश दुधाडे. ओकांचा चेहरा मुळात बोलका, त्यामुळे त्यांच्या बहिर्जीच्या पापणीआड एक खट्याळ कट शिजत असल्यासारखा वाटतो. दुधाड्यांचा अंगानं भरदार, खर्जातला, हा माणूस वेश बदलून गर्दीत मिसळेल की गर्दीच याच्याभोवती जमेल, अशी शंका यावी असा. पुढे लांजेकर स्वतःच त्या वेशात शिरले. पटकथा लिहिणारा, कोण कुठे उभं राहणार हे ठरवणारा माणूसच हेर! हे मला बाकी कशाहीपेक्षा पटलं, कारण दिग्दर्शक आणि हेर दोघांनाही सगळं आधी दिसलेलं असतं.

पण यातल्या कुठल्याही बहिर्जीला एक अडचण टळत नाही. फकीर येवो, गोसावी येवो, वासुदेव येवो, खानाच्या माणसांना तो कळता कामा नये, आणि आपल्याला मात्र कळलाच पाहिजे. आपल्याला कळावा म्हणून कॅमेरा त्याच्या डोळ्यांवर क्षणभर जास्त रेंगाळतो, ढोल वाजतो, आणि थिएटरात पोरांच्या शिट्ट्या पडतात. ओळखला गेला की हेर संपतो. नाही ओळखला गेला की नट संपतो. एका देहात या दोघांना नांदवायचं म्हणजे रोज मरून रोज टाळ्या घ्यायच्या.

मढीच्या यात्रेत एका बहुरूप्याला मी हे विचारलं होतं. पाथर्डी तालुक्यातली कानिफनाथांची मढी, भटक्यांची पंढरी. होळीपासून पाडव्यापर्यंत तिथे उन्हात गाढवांचा बाजार भरतो, रेवड्यांच्या ढिगांवर धूळ बसते, आणि किती बोलींमधली भांडणं एकाच वेळी ऐकू येतात. हा फौजदाराच्या वेशात होता. खाकी कपडा कोपरावर विरलेला, छातीवर पत्र्याचा बिल्ला, बगलेत कोरी वही, गळ्यात शिट्टी. चहा पिताना मिशी भिजू नये म्हणून ती त्यानं दोन बोटांनी वर उचलून धरली होती. मी म्हटलं, "बहिर्जी नाईकाचं सोंग काढता का कधी?"

तो थांबला. मिशी तशीच धरलेली.

"काढलं तर वळखायचं कुणी, सायेब? अन् वळखलंच नाही तर बिदागी कोण देईल?"

आणि शिट्टी फुंकत, बिनतिकिटाच्या लग्नाचं वॉरंट दाखवत, पुढच्या पालावर चालता झाला. एवढ्या वर्षांत मी वाचलेल्या कुठल्याच चित्रपट-समीक्षेत हा हिशेब इतका चोख मांडलेला नाही.

अकोले तालुक्याच्या कडेला पट्टागड आहे. महाराज तिथे विसावले म्हणून विश्रामगड. दिवाळी उलटून गेल्यावर तिथलं गवत सोन्यासारखं पिवळं पडतं, कुसळं मोज्यात शिरतात, आजूबाजूच्या पठारांवर पवनचक्क्यांची पाती संथ, गंभीरपणे फिरत असतात, आणि अंबरखान्याच्या आत पाऊल टाकलं की घामावर दगडाचा गारवा बसतो. नोव्हेंबर १६७९. जालना लुटून परतताना संगमनेरजवळ रणमस्तखानानं फौजेला गाठलं, सिधोजी निंबाळकर पडले, मोगलांची आणखी कुमक चालून येत होती. तेव्हा बहिर्जी पुढे झाले आणि आडवाटेनं, तीन दिवस नि तीन रात्री, लुटीनं लादलेली जनावरं, जखमी, थकलेले घोडे आणि खुद्द महाराज, साऱ्यांना या डोंगरावर घेऊन आले.

इथे वेश नव्हता. मिशी नव्हती, कमंडलू नव्हता, चिपळ्या नव्हत्या. नुसती वाट माहीत होती. कुठल्या ओढ्याला अजून पाणी असेल, कुठल्या वाडीतली कुत्री भुंकतील, कुठल्या खिंडीतून लादलेलं घोडं निघेल आणि कुठे अडकेल, हे सगळं पायांनी कधीतरी आधीच वाचून ठेवलेलं. आणि अंबरखान्याच्या उंबऱ्यावर बसून कुसळं उपटता उपटता माझ्या एकदम ध्यानात आलं, की त्या तीन रात्री मागून येणाऱ्या हजारो माणसांना बहिर्जींचा चेहरा दिसलाच नसणार.

पाठ दिसली असेल.

एवढं एक चित्र मला खात्रीचं वाटतं. आणि या चित्राचा चित्रपट कुणी काढला नाही. मी मनातल्या मनात तो बऱ्याचदा काढतो. सव्वादोन तास एक पाठमोरा माणूस, घोंगडीची कड, मानेवरचा घाम, कधी चंद्राच्या उजेडात, कधी नुसत्या खुरांच्या आवाजावरून ओळखायचा. संवाद मोजके. "डावीकडून." "घोडं आवरा." "बोलू नका." गाणं घालायचंच म्हटलं तर रातकिड्यांचं. गडावर पोचल्यावर महाराज विसावतात, कॅमेरा पुढे येऊ पाहतो, आणि तेवढ्यात हा माणूस घोड्यांना पाणी दाखवायला निघून गेलेला असतो. मानधन पुरतं मिळेल, चेहरा मात्र घरी ठेवून यायचा, या बोलीवर एखादा नामवंत नट तयार झाला तर अकोल्याला जाणाऱ्या पहिल्या एस.टी.नं मी शूटिंग बघायला हजर आहे, आणि पहिल्या खेळाचं तिकीटही रोख पैसे देऊन काढीन. उरलेल्या खुर्च्या कशा भरायच्या ते निर्मात्यानं बघावं.